आलं का?

नवीनभाई अमीन म्हणाले होते, "एक टीपुंय नथी पडतुं."
खरंच होतं ते. त्या दिवशी डिसेंबर होता.

गाडी नव्हे ही. गाडीला मागून जोडायची खोली:
दोन चाकं, तीन खिडक्या, दिवसा टेबल होणारा पलंग,
आणि एक मोरी, जिच्यात वळायचं असेल
तर आधी बाहेर यावं लागतं.
दोन लाख साठ हजार.
मी म्हणालो, बेअरिंगं बघू, टायर बघू, थांब जरा.
कुंदा आत जाऊन
पडद्यांची मापं घेत होती.

फेब्रुवारीत लिनोलियमचा कोपरा उचलला.
खाली प्लायवूड नव्हतंच,
चहात बुडवून विसरलेलं बिस्किट होतं.
मकरपुऱ्याच्या जसूभाईनं स्क्रूड्रायव्हर टेकवला,
दाबला नाही, नुसता टेकवला,
तो मुठीपर्यंत आत गेला.
"साहेब," जसूभाई म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही.
मग पोराला हाक मारून त्यानं तीन अर्धे सांगितले.

उघडत गेलो तसं निघत गेलं.
एम-सीलचे लाडू.
छताच्या कडेला डांबर, डांबरावर सायकलची ट्यूब,
ट्यूबवर चिकटपट्टीची फुली,
खरचटल्यावर पोरांच्या गुडघ्याला लावतात तशी.
फ्रीजमागच्या फटीत कोंबलेली एक लग्नपत्रिका:
केतनचं लग्न, आणंदला, जेवण साडेअकराला.
नवीनभाईंना शिव्या घालणं सोयीचं होतं,
पण हे एकट्याचं काम नव्हतं.
तीन हात दिसत होते. एक घाईचा. एक चिकट.
आणि एक नीटस, ज्यानं एकूण एक स्क्रूखाली
रबरी वॉशर घातला होता.
स्क्रू चुकीच्या जागी होते,
पण वॉशर सगळ्यांना.
या माणसाला भेटायला आवडलं असतं.

एकतीस वर्षं मी खताच्या कारखान्यात गळत्या शोधल्या.
अमोनिया प्रामाणिक, डोळ्यांत येऊन सांगतो.
पाणी लबाड.
शिरतं एकीकडून, पत्र्याच्या पोटातून गुपचूप चालत जातं
आणि टपकतं भलतीकडे,
जिथे कुणाचाच काही दोष नसतो.

एप्रिल. बेचाळीस डिग्री.
मी शिडीवर, हातात बागेचा पाइप.
कुंदा आत, सगळं बंद करून, टॉर्च आणि खडू घेऊन.
पुढच्या कडेवर पाच मिनिटं.
"आलं का?"
"नाही."
झरोक्याभोवती पाच मिनिटं.
"आलं का?"
"नाही म्हटलं ना."
शेजारच्या गच्चीवरून परमार विचारतात, गाडी धुताय का काका?
मी मान हलवतो. काय सांगायचं,
की भर उन्हात मी बायकोवर
पाऊस पाडून बघतोय?
आता मागची शिवण.
"आलं का?"

"कुंदा?"

पाणी पत्र्यावर वाजतंय. आत किती वाजत असेल.
"कुंदा, आलं का?"

पाइप छतावर तसाच सोडून मी उतरलो, दार ओढलं.
ती पलंगावर, पाय वर घेऊन,
घामानं चिंब, टॉर्च विझवून बसलेली.
"मेलीबिलीस की काय?"
"दार लाव," म्हणाली. "आणि बस जरा."

बसलो. अंधार, उकाडा, ओल्या लाकडाचा वास,
आणि डोक्यावर ते पाणी, धो धो, आमच्या एकट्यांचं.
दोन महिने हिला नुसती सोलतोय आम्ही.
आत बसलो नव्हतो कधीच.
"पहलगामला अशीच वाजेल," ती म्हणाली.
मी म्हणालो, आधी आजव्याला तरी पोचू दे.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर एक थेंब.
शिवणीपासून चांगला चार फूट लांब.
कुंदानं टॉर्च लावली, वर पाहिलं,
छताला हात पुरेना म्हणून
माझ्या पँटवरच खडूनं गोल काढला.

पाणी बंद करायला कुणीच उठलं नाही.
बाहेर परमार ओरडत होते,
काका, पाणी वहे छे! पाणी वहे छे!